तीन गिरक्या आणि एक शिवी

आमच्या घरात एका नाटकाचं नाव घ्यायला बंदी आहे. शिव्या चालतात, राजघराण्याची टिंगल चालते, माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकाबद्दलही हल्ली बोललेलं चालतं. पण ते नाव नाही. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं. स्कॉटलंडातल्या एका शूर सरदाराला तीन चेटकिणी भेटतात, तू राजा होशील म्हणून सांगतात, आणि तो बायकोच्या भरीला पडून घरी पाहुणा आलेल्या राजाचाच झोपेत खून करतो. पुढे काय होतं ते सांगायला नको, शोकांतिका आहे. नाटकवाल्यांचा समज असा, की थिएटरच्या छपराखाली या नाटकाचं नाव घेतलं किंवा त्यातलं एखादं वाक्य तालीम-प्रयोग सोडून उगाच बोललं, की काहीतरी नुकसान होणार म्हणजे होणार.

तुम्ही म्हणाल, थिएटरात नाव घेऊ नका, घरात काय बिघडलं? बिघडलं हे, की आमचं घर थिएटरातच आहे. सँडरबीच्या किनाऱ्यावर जे जुनं थिएटर आहे, त्याचा सुतारही माझा नवरा डेसमंड आणि रखवालदारही तोच. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या. स्वयंपाकघर नेमकं रंगमंचाच्या डोक्यावर. मी खाली तिकिटखिडकीवर बसते.

वीस वर्षांपूर्वी पाहुण्या कंपनीतल्या एका नटाने रंगमंचामागे सँडविच खाताखाता ते नाव घेतलं, आणि त्याच संध्याकाळी पडद्याच्या दोराला वजन म्हणून बांधलेली पंधरा किलो वाळूची पिशवी वरून सुटून डेसच्या डाव्या पायावर पडली. दोन बोटं कायमची वाकडी झाली. तेव्हापासून डेसला काही सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चुकून कुणी नाव घेतलंच तर त्यावर उतारा आहे: इमारतीबाहेर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, डाव्या खांद्यावरून थुंकायचं, एक सणसणीत शिवी हासडायची, मग दार वाजवून आत येऊ का म्हणून विचारायचं. आतून कुणीतरी "ये" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. गेल्या वीस वर्षांत मी हे अकरा वेळा केलंय, त्यातलं एकदा गरोदरपणात.

आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात आमची टॅमसिन शाळेतून आली, दप्तर टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "बाबा, बस खाली. साहित्याच्या परीक्षेला कुठलं नाटक लागलंय ओळख."

डेसने पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "शाळेला सांग दुसरं द्या. ते दोन घराण्यांच्या भांडणाचं आहे ना, त्यातली पोरं शेवटी जीव देतात, ते. चांगलं आहे. कुटुंबासह बघण्यासारखं आहे."

"शाळा म्हणजे काय चायनीजचं मेन्यूकार्ड आहे का, बाबा? जे वाढतील ते खायचं."

"मग खा, पण घराबाहेर."

मला वाटलं गंमत करतोय. दुसऱ्या दिवशी बघते तर पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर, आणि त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं: 'बागकाम'.

टॅमसिनला साहित्यात पाच हवे होते. आमच्याकडे सोळाव्या वर्षी ही परीक्षा असते आणि नवापैकी गुण मिळतात. तिला वकील व्हायचंय. बापाशी वाद घालून घालून अर्धी झालेलीच आहे. त्यासाठी तिने लीड्सचं एक कॉलेज धरलं होतं. सोमवार ते शुक्रवार माझ्या बहिणीकडे राहायचं, शनिवारी-रविवारी घरी यायचं. कॉलेजने पत्रात स्पष्ट कळवलं होतं: साहित्यात पाच, त्याखाली नाही. आणि या परीक्षेला पुस्तक जवळ ठेवू देत नाहीत. वाक्यं पाठ हवीत. पाठ करायची तर मोठ्याने म्हणायला हवीत. आणि आमच्या घरात ती म्हणायला बंदी.

मग ती समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसायला लागली. थांब्याला तीन बाजूंनी काच आहे, चौथ्या बाजूने समुद्र तोंडावर येतो. ऑक्टोबरात तिथे लोकरीची टोपी घालून माझी पोर खून करायची आणि मी खिडकीतून बघून नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची.

डिसेंबरात सराव परीक्षा झाली. तीन मिळाले. तिच्या बाई, मिस पेंबर्टन, यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"टॅमसिनला नाटक समजतं," बाई म्हणाल्या, "छान समजतं. पण अख्ख्या उत्तरात तिने नाटकाचं नाव लिहिलेलं नाही. नायकाचंही नाही. सगळीकडे 'तो', 'तो माणूस', 'त्याची बायको'. दुसऱ्या पानावर मला वाटलं, ही तुमच्या शेजाऱ्यांबद्दल लिहितेय. आणि वाक्य एकच दिलंय, तेही अर्धं."

"बरोबर आहे तिचं," डेस म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता हो, अभिमान!

बाहेर आल्यावर गाडीतळावरच मी त्याची हजेरी घेतली. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू वाळूच्या पिशवीला घाबरतोस?"

"तुझ्या पायावर पडली असती म्हणजे कळलं असतं."

"माझ्या पायावर वीस वर्षांपूर्वी तू पडलास, डेस. अजून उचलतेय."

आठवडाभर आम्ही मिठाच्या बरणीखेरीज कशाबद्दल बोललो नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कव्हर 'बागकाम'च राहिलं आणि टॅमसिन बसथांब्यावरच राहिली.

जानेवारीपासून मात्र तिथे मंडळी जमायला लागली. थांब्याच्या बाजूलाच पॅनिकोसचं मासे आणि चिप्सचं दुकान आहे. त्याचा बाप सायप्रसहून आला, हा इथेच जन्मला, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर याचं मत तयार असतं. पहिल्या दिवशी तो तिला कागदात चार चिप्स द्यायला म्हणून बाहेर आला तो तासभर तिथेच थांबला.

"चूक राजाची आहे," त्याने निकाल दिला. "दुसऱ्याच्या घरी जेवायला जावं. जेवावं, उठावं, यावं. झोपायचं कशाला?"

"चूक बायकोची म्हणायची पद्धत आहे, पॅनिकोस," टॅमसिन म्हणाली.

"कोण म्हणतं?" हा आवाज मिसेस एन्सकॉ यांचा. ब्याऐंशी वर्षांच्या बाई, सोबत कुत्रा, तोही जवळजवळ तेवढाच. "तिला मूल नाही, काम नाही, नवरा सदा लढाईवर. किल्ल्यात दुपारी करायचं काय तिने? माझा हॅरी जहाजावर असायचा तेव्हा माझ्याही मनात काय काय यायचं."

"मग केलंत काय, मिसेस एन्सकॉ?"

"भिंती रंगवल्या, बाळा. प्रत्येकीच्या घरी राजा मुक्कामाला येत नाही."

सव्वाचारच्या बसचा ड्रायव्हर खुनाचा प्रवेश संपेपर्यंत दोन मिनिटं बस थांबवून ठेवायचा. आतले लोक कुरकुरले की म्हणायचा, "गप्प बसा, आता रक्त येणार आहे." ईस्टरपर्यंत पॅनिकोसला कढई ढवळणाऱ्या चेटकिणींचं सगळं पाठ झालं होतं. कढईत मासा सोडताना तो ते म्हणायचा. गिऱ्हाइकांना ते फार लागू पडल्यासारखं वाटायचं. टॅमसिनचं पाठांतर उत्तम झालं, बाईंकडे दिलेल्या उत्तराला पाच मिळाले, एकदा तर सहा. फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. ती गोष्ट परीक्षेच्या दिवशी सकाळी कळली.

मे महिना, सोमवार, परीक्षा नऊला. पावणेआठला टॅमसिन गणवेश घालून, बुटांशिवाय, शेवटची उजळणी करायला म्हणून खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. थांब्याभोवती पिवळी पट्टी गुंडाळलेली. नगरपालिकेची माणसं सहा वाजताच येऊन रंग देऊन गेली होती. आणि पाऊस तर असा आडवा, की पट्टीचंही उभं राहणं कठीण.

"मग इथेच मनातल्या मनात म्हण," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. ओठ हलले. मग थांबले. पुन्हा हलले. तिचा रंग उतरताना मला दिसला.

"आई, येत नाहीये."

"अगं येईल, चहा पी."

"नाही येत! तिथे उभी राहिले की येतं. समुद्र, पॅनिकोसचा वास, सगळं असलं की येतं. इथे मी कधी बोललेच नाहीये. इथे तोंड उघडलं की..." तिने खिडकीबाहेर थांब्याकडे बघितलं. "काहीच नाही. पहिलं वाक्य नाही, शेवटचं नाही. आई, मला त्याचं नावसुद्धा आठवत नाहीये."

आणि ती रडायला लागली. टॅमसिन रडत नाही हो. लहानपणी दारात बोट चेमटलं तेव्हाही तिने दारालाच शिव्या दिल्या होत्या. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले, आणि मला माझ्या नवऱ्याचा असा राग आला की तो समोर नव्हता हेच बरं.

पण तो समोरच होता. दारात, बनियनवर, हातात टोस्ट. किती वेळ उभा होता देव जाणे. त्याने टोस्ट ओट्यावर ठेवला. हात बनियनला पुसले. छताकडे एकदा बघितलं, जमिनीकडे एकदा, जिच्याखाली आमचा अख्खा रंगमंच होता.

आणि त्याने ते नाव घेतलं. पुटपुटला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं, खणखणीत.

टॅमसिनचं रडं जागच्या जागी थांबलं.

"त्याचं नाव हे," डेस म्हणाला. "आणि पहिल्यांदा त्या तिघी येतात. विजा चमकताहेत. पहिली काय म्हणते?"

तिने नुसतीच मान हलवली. मग तो म्हणाला. पहिली, दुसरी, तिसरी. मग सरदार. मग बायको, पत्र वाचताना. मी ओट्याला टेकले. माझा नवरा, ज्याला वाणसामानाची यादी लिहून द्यावी लागते, तो फ्रिजशेजारी उभा राहून अख्खा अंक म्हणत होता.

"तुला कुठून येतं हे?" मी विचारलं.

"एकोणीस वर्षांचा असताना. अकरा आठवडे विंगेत उभा होतो, पडदा ओढायला. मध्ये बोलू नकोस, ग्लेंडा."

पुढच्या तिसऱ्या वाक्याला टॅमसिनचा आवाज त्याच्यात मिसळला. खंजिराच्या प्रवेशाला ती त्याच्या पुढे गेली. भूत येतं तिथे डेस अडखळला तर तिने त्याला सांगितलं, आणि बायको झोपेत हातावरचं रक्त धुते त्या प्रवेशात मीही बोलले, कारण तिकिटखिडकीतून आठ महिने मी तेच ऐकत होते. सिंकचा नळ सोडून हात चोळत बोलले. आम्ही तिघं त्या स्वयंपाकघरात ओरडत होतो, हसत होतो, खून पडत होते. इतकं छान आमच्या घरात कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग सरदाराचं मुंडकं आलं आणि नाटक संपलं. डेसचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाहेर," तो म्हणाला.

"डेस, सव्वाआठ झालेत..."

"सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता! परीक्षेच्या दिवशी हे अंगावर ठेवायचं का पोरीच्या?"

आता मी तरी त्याला अडवायला नको होतं का? पण खरं सांगू, इतका वेळ ते सगळं बोलून मीही दाराकडे बघायला लागले होते. वीस वर्षं एखादी गोष्ट पाळली की ती खोटी आहे हे माहीत असून पुरत नाही. आम्ही तिन्ही मजले धडाधडा उतरलो, मागच्या दारातून रस्त्यावर आलो आणि भर पावसात तिघांनी तीन गिरक्या घेतल्या. थुंकलो. वारा समुद्रावरून असल्यामुळे ते परत आलं. डेसने त्याची नेहमीची शिवी दिली, टॅमसिनने शाळेतली दिली, आणि मी जी दिली ती ऐकून दोघंही माझ्याकडे बघत राहिले. वीस वर्षांचा साठा होता.

मग डेसने दारावर तीन टकटक केल्या. "आत येऊ का?"

आम्ही थांबलो.

"आत येऊ का?" त्याने पुन्हा विचारलं.

"बाबा," टॅमसिन म्हणाली, "कोण म्हणणार ये?"

ते दार ओढलं की आपोआप लागतं. डेसनेच बसवलंय. किल्ल्या त्याच्या कोटात, कोट तिसऱ्या मजल्यावर. मी झगा घालून, डेस बनियनवर, आणि टॅमसिनच्या पायात नुसते मोजे, तेही डबक्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. याआधी अकरा वेळा घरात कुणीतरी असायचं हो. तिघांनी मिळून नाव घेतल्याची ही पहिलीच वेळ होती.

डेस पायरीवर मटकन बसला. "माझ्यामुळे," तो म्हणाला. "बघ. लागलंच लगेच."

"उठ," मी म्हटलं, "नाहीतर आता दुसरी शिवी देईन."

तेवढ्यात पॅनिकोस बटाट्यांची पोती उतरवायला व्हॅन घेऊन आला. त्याने आमच्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. जानेवारीपासून त्याने हे नाटक ऐकलं होतं, त्याला आता कशाचंच नवल वाटत नसावं. दुकानातले आपले पांढरे रबरी बूट त्याने आणून दिले, चव्वेचाळीस नंबरचे. टॅमसिनने पाय घातले तर पुढे चार बोटं जागा उरली. तिथे मी माशाचे कागद कोंबले. मग सगळे व्हॅनमध्ये. टॅमसिन पुढे, आम्ही नवराबायको मागे बटाट्यांवर. अख्खा रस्ता ती म्हणत होती, भराभरा, एकही ओळ न चुकता, आणि चेटकिणी आल्या की पॅनिकोस स्टिअरिंगवर ठेका धरत होता.

नऊला सात मिनिटं कमी असताना शाळेच्या फाटकाशी पोचलो. तिथे त्यांच्या वर्गप्रमुख मिसेस होलरॉइड हातात यादी घेऊन उभ्या. त्यांची नजर खाली गेली.

"टॅमसिन, हे शाळेचे बूट नाहीत."

"नाही, मिस. माशांचे आहेत."

बाईंनी माझ्या झग्याकडे बघितलं, डेसच्या बनियनकडे बघितलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, बाजूला झाल्या. पोर फटाक फटाक आवाज करत आत गेली.

सव्वादोन तास आम्ही व्हॅनमध्ये बसून राहिलो. पॅनिकोसने दुकान उघडलंच नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल होता.

"काय होतं?" आम्ही तिघंही ओरडलो.

"त्याच्या नाशाला जबाबदार कोण, चेटकिणी की तो स्वतः."

"आणि तू काय लिहिलंस?" पॅनिकोसने विचारलं. "राजाचं लिहिलंस ना, झोपायला नको होतं ते?"

"तो स्वतः, असं लिहिलं. चेटकिणी काय, नुसत्या बोलल्या. ऐकायचं किती, ते त्याच्याच हातात होतं." मग तिने बापाकडे बघितलं. "आणि नाव लिहिलंय बाबा. पहिल्याच ओळीत."

"बरं केलंस," डेस म्हणाला. त्याने तिचं दप्तर घेतलं. दप्तर नव्हतंच, मिसेस होलरॉइडनी दिलेली दोन पेनं होती. तीच घेतली.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. सहा. पाच हवे होते, सहा मिळाले. पॅनिकोसने त्या दिवशी कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत आणि मिसेस एन्सकॉ कुत्र्यासकट दोनदा जेवल्या. डेस सगळ्यांत जास्त नाचला. भेटेल त्याला सांगत सुटला, सहा, सहा, जसं काही त्यालाच मिळाले.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिला बहिणीकडे सोडून आम्ही परतलो. मी चहा टाकला, डेस वर आला नाही. खाली जाऊन बघते तर रिकाम्या रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसलेला. मी शेजारी बसले. समोर सहाशे खुर्च्या, सगळ्या मिटलेल्या.

"मी सांगत नव्हतो?" तो म्हणाला. हसत होता, पण डोळे पुसत होता. "छपराखाली नाव घेतलं की नुकसान होतं. झालं की नाही? घरातलं एक माणूस गेलं."

"शनिवारी येतेय ती, डेस."

"हो. पाहुणी म्हणून."

मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त काहीतरी आलं, जे मी त्याला सहसा सांगत नाही. मी त्याचा हात धरला.

"त्या दिवशी सकाळी ठाऊक होतं तुला? ती पास झाली तर जाणार म्हणून?"

"ठाऊक नसायला काय झालं? पत्र फ्रिजवरच तर लावलं होतं. त्याच्याकडे बघतच म्हणत होतो."

"मग घेतलंस कशाला नाव?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की काय खुळ्यासारखं विचारते ही बाई.

"तिला आठवत नव्हतं ना गं," तो म्हणाला.